हबपासून स्विचपर्यंत : इथरनेट जाळ्याचा इतिहास आणि महाविद्यालयीन नोंदींचा प्रश्न

प्रस्तावना :
तंत्रज्ञानाचा इतिहास म्हटला की रेल्वे, तारायंत्र, छापखाना ही साधने डोळ्यांसमोर येतात. संगणक प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लुकलुकणारी छोटी पेटी मात्र इतिहासाचा विषय वाटत नाही. १९९४ मध्ये नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली आणि नांदेड, लातूर परिसरातील संगणक शिक्षणाचा विस्तार पुढे याच विद्यापीठाच्या कक्षेत झाला. जगात हबची जागा स्विच घेऊ लागला, तोही हाच काळ होय. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :
१) हब व स्विच यांच्या कार्यपद्धतीतील भेद ऐतिहासिक क्रमाने स्पष्ट करणे.
२) या स्थित्यंतराच्या स्थानिक नोंदी जतन करण्याची आवश्यकता मांडणे.

सामायिक तारेचा काळ :
२२ मे १९७३ रोजी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना एका टिपणात मांडली. हवाई विद्यापीठातील 'अलोहा' या रेडिओ जाळ्यापासून त्यांना प्रेरणा मिळाली होती. एकाच तारेवर सर्व संगणक जोडायचे, तार मोकळी असेल तेव्हा बोलायचे, दोघे एकदम बोलल्यास थांबून अनिश्चित काळाने पुन्हा प्रयत्न करायचा, असा हा संकेत होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी सेकंदाला १० मेगाबिट वेगाचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले. मात्र तार एका ठिकाणी तुटली तरी संपूर्ण जाळे बंद पडे.

हबचे कार्य :
१९९० मध्ये पिळाच्या जोडतारांचे मानक आले आणि प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार मध्यवर्ती हबला जोडणे रूढ झाले. एक तार तुटली तरी इतरांचे काम चालू राहू लागले. तथापि जाळ्याचे बाह्यरूप बदलले, स्वभाव बदलला नाही. हब हा गावातील दवंडीसारखा असतो. एका तोंडाने आलेला संदेश तो उरलेल्या सर्व तोंडांनी बाहेर पाठवितो. निरोप एकासाठी असला तरी तो ऐकू सर्वांना जातो. परिणामी १० मेगाबिटच्या हबवर वीस संगणक असतील तर त्या सर्वांना मिळून १० मेगाबिट पुरवावे लागतात. शिवाय दुसऱ्याचा संदेश वाचणे कोणत्याही संगणकाला तांत्रिकदृष्ट्या शक्य होते.

स्विचचे कार्य :
स्विच हा टपालवाल्यासारखा आहे. प्रत्येक संदेशावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा ४८ बिटांचा पत्ता असतो. पाठविणाऱ्याचा पत्ता पाहून स्विच तो संगणक कोणत्या तोंडाशी आहे, हे स्वतःच्या तक्त्यात नोंदवितो. पुढे त्या पत्त्याचा संदेश आला की तो त्याच तोंडाने पाठवितो. पत्ता अपरिचित असेल तरच, किंवा संदेश सर्वांसाठीच असेल तर, तो सर्वत्र जातो. ही शिकण्याची रीत १९८० च्या दशकातील 'ब्रिज' या उपकरणातून आलेली आहे. अमेरिकेतील 'कल्पना' या कंपनीने १९९० मध्ये सात तोंडांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. विनोद भारद्वाज हे या कंपनीचे एक संस्थापक होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली. स्विचवर संगणकाला एकाच वेळी बोलता व ऐकता येऊ लागले आणि अशा जोडणीत टक्कर उरली नाही.

स्थित्यंतराची नोंद का राहिली नाही? :
या बदलात संदेशाची मूळ रचना बदलली नाही, हे येथे विशेष महत्त्वाचे आहे. हब काढून त्या जागी स्विच बसविला, तरी संगणकातील कार्ड, तारा व प्रणाली त्याच चालत. इथरनेटच्या यशाचे हे एक प्रमुख कारण होय. परंतु याच कारणामुळे बदल कोणाच्या लक्षात आला नाही. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये अशा वस्तूची नोंद बहुधा 'नेटवर्किंग साहित्य, नग १' एवढीच होते आणि निर्लेखनानंतर वस्तू भंगारात जाते. मग प्रयोगशाळेत सामायिक वाहिनी कधी संपली, हे सांगणारा पुरावा उरत नाही. ताम्रपट व शिलालेख जपणाऱ्या मराठवाड्याने आपल्या अलीकडील काळाविषयी इतके उदासीन राहणे योग्य नव्हे.

निष्कर्ष :
१) हबकडून स्विचकडे झालेला प्रवास हा केवळ वेगाचा नसून सर्वांना ऐकविण्यापासून नेमक्या व्यक्तीपर्यंत पोहोचविण्याचा प्रवास आहे.
२) स्विचमुळे गोपनीयता वाढली, परंतु ती परिपूर्ण नाही, संदेशाचे सांकेतिकीकरण आवश्यकच राहते.
३) निर्लेखनापूर्वी उपकरणाचा प्रकार, तोंडांची संख्या, वेग, खरेदीचे वर्ष व वापराची जागा नोंदवून एक नमुना जतन करावा. इतिहास व संगणकशास्त्र विभागांनी हे काम एकत्रितपणे हाती घेतल्यास त्यासाठी वेगळ्या निधीची फारशी गरज भासणार नाही.