एक आण्यापासून विमानतळापर्यंत : खानदेशातील स्थानिक संस्था आणि दळणवळण व प्रशिक्षणावरील त्यांची देखरेख

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा निवडणुका, पक्ष आणि अध्यक्षांच्या नामावलीपुरते मर्यादित राहिले आहे. या संस्थांनी नेमकी कशावर देखरेख केली आणि ती कालांतराने त्यांच्या हातून कशी निसटत गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात, दळणवळण आणि शिक्षण-प्रशिक्षण या दोन क्षेत्रांपुरता विचारला आहे. ही दोन क्षेत्रे एकत्र घेण्यामागे लेखकाची सोय नाही. त्यांना प्रथम एकत्र आणले ते कायद्याने.

मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्यान्वये ‘लोकल फंड’ अस्तित्वात आला. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेतली जाई. तिचा सुमारे दोन तृतीयांश भाग रस्ते व अन्य लोकोपयोगी बांधकामांकडे आणि एक तृतीयांश शिक्षणाकडे जाई. म्हणजे खानदेशातील कापूस पिकविणारा शेतकरी रस्ता आणि शाळा यांसाठी एकाच वेळी, एकाच पावतीवर पैसे देत होता. या निधीची समिती कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली चाले व सभासद नेमलेले असत. तीस लोकप्रतिनिधित्व म्हणणे धाडसाचे ठरेल. तथापि पैसा जिल्ह्यात गोळा होई, जिल्ह्यातच खर्च होई आणि त्याचा हिशेब जिल्ह्याच्याच समितीपुढे येई, ही गोष्ट लहान नव्हे.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर १८८४ च्या कायद्याने जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली आणि निवडणुकीचे तत्त्व मर्यादित प्रमाणात आले. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. धुळे-शिरपूरमार्गे जाणारा मुंबई-आग्रा रस्ता किंवा भुसावळहून दोन दिशांना फाटणारा लोहमार्ग यांचे निर्णय बोर्डाच्या कक्षेत कधीच नव्हते. चाळीसगाव-धुळे फाटा आणि सुरतेहून अमळनेरपर्यंत आलेली ताप्ती खोऱ्याची रेल्वे ही १९०० च्या सुमाराची कामेही बोर्डाबाहेरच ठरली. बोर्डाकडे उरत ते गावापासून बाजारपेठेपर्यंत आणि स्थानकापर्यंतचे रस्ते. पण शेतकऱ्याच्या बैलगाडीला पावसाळ्यात जे अडवी ते याच रस्त्यांवर. म्हणून बोर्डाचे काम दुय्यम समजणे हा केवळ नकाशाचा दृष्टिकोन झाला.

१९०६ मध्ये खानदेशचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले आणि धुळ्याबरोबर जळगाव हेही जिल्ह्याचे ठाणे बनले. १९२३ मध्ये दोन कायदे आले. लोकल बोर्डांच्या नव्या कायद्याने निर्वाचित सभासदांचे महत्त्व वाढले, तर प्राथमिक शिक्षणाच्या कायद्याने शाळांचा ताबा स्थानिक संस्थांकडे दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते स्थानिक देखरेखीचा हा सर्वांत भरीव काळ होय. तो टिकला मात्र अल्प. १९३८ ची दुरुस्ती आणि १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा यांनी शिक्षणावरील सूत्रे पुन्हा सरकारकडे ओढली.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा बांधकाम व शिक्षण या विषय समित्यांच्या रूपाने जुने जोडपे पुन्हा एका छताखाली आले. परंतु त्याच सुमारास नव्या अर्थव्यवस्थेची साधने वेगळ्याच दालनात मांडली जात होती. औद्योगिक वसाहती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे, बसगाड्या राज्य परिवहन महामंडळाकडे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था राज्याच्या संचालनालयाकडे राहिल्या. परिषदेच्या वाट्यास ग्रामीण रस्ते व प्राथमिक शाळा आल्या. कारागीर घडविणारी संस्था आणि त्याला कामावर नेणारी बस मात्र आल्या नाहीत.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली आणि तिचे किमान चार पंचमांश सभासद स्थानिक संस्थांच्या निर्वाचित सदस्यांतून, त्यांनीच निवडून द्यावेत असे ठरविले. महाराष्ट्राने त्यासाठी १९९८ मध्ये कायदा केला; अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे राहिले. या रचनेतील कच्चा दुवा पुढे उघड झाला. जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये, तर जळगाव व धुळे महानगरपालिकांची २०२३ मध्ये संपली. निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. ज्या सदस्यांनी समितीवर प्रतिनिधी धाडायचे, ते सदस्यच उरले नाहीत. कौशल्य विकासाची जिल्हा समिती तर जिल्हाधिकाऱ्यांच्याच अध्यक्षतेखाली असते. एकोणिसाव्या शतकातील लोकल फंड समितीचे स्मरण व्हावे, अशी ही बैठक!

दळणवळण आणि प्रशिक्षण यांची नव्या काळातील गाठ सर्वांत स्पष्ट दिसते ती जळगावच्या विमानतळावर. सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७३ मध्ये बांधलेली ही धावपट्टी १९९७ मध्ये जळगाव नगरपालिकेने चालवावयास घेतली. एका नगरपालिकेच्या ताब्यात विमानतळ असावा, ही महाराष्ट्रात विरळ घटना होय. दहा वर्षांनी, २००७ मध्ये, तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला आणि २००९ मध्ये राज्य शासनाने त्याच्या विस्तारासाठी भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार केला. विस्तार नगरपालिकेच्या ऐपतीबाहेरचा होता, हे मान्यच केले पाहिजे. पण मालकी सोडणे आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार सोडणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. हस्तांतरणात दोन्ही एकदमच गेल्या. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, खंडित झाली, २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती चालविली, तीही थांबली. २०२१ मध्ये प्राधिकरणाने वैमानिक प्रशिक्षण संस्थांसाठी निवडलेल्या देशातील पाच विमानतळांत जळगावचा समावेश झाला. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर महानगरपालिकेची संमती कायद्याने आवश्यक नव्हती.

धुळ्यापुढे हाच प्रश्न रेल्वेच्या रूपाने उभा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गास मंजुरी दिली. अंदाजित खर्च १८,०३६ कोटी रुपये. मार्गाची आखणी दिल्लीत होणार, हे १९०० प्रमाणेच ठरलेले आहे. मात्र स्थानकापर्यंतचे ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडेच आहेत, आणि त्यांचा आराखडा कोणत्या सभेत, कोणत्या निर्वाचित सदस्यांसमोर मांडला जाईल, हे अद्याप ठरावयाचे आहे.