पाणमोट फुटल्यावर

न्हावा-शेवा म्हटले की कंटेनर आठवतात. बंदर सुरू झाले 1989 मध्ये. मला मात्र त्याआधीची इथली गरोदर बाई दिसते. दिवस भरण्याआधी पाणमोट फुटली, तर मोठी रुग्णालये खाडीपलीकडे मुंबईत. एक तर पनवेलचा वळसा, नाही तर मोऱ्याहून लाँच, तीही ओहोटीचे गणित सांभाळून. थांबायचे की निघायचे?

याचे उत्तर रक्तात शोधण्याची कथा प्रसूतिगृहात सुरू झाली नाही. 1930 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तद्रवात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन सापडले. शरीरात दाह झाला की यकृत ते वाढवते. 1972 मध्ये ऑकलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी दाखवले, की आईला आधी दिलेले स्टिरॉइड अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास सावरते. त्यामुळे प्रसूतीपूर्वीच्या एकेका दिवसाला मोल आले. पुढे पाणमोट फुटलेल्या मातांमध्ये हे प्रथिन आणि पांढऱ्या पेशी मोजल्या जाऊ लागल्या.

पण हा आकडा प्रसूतीची वेळ सांगत नाही. तो इतर संसर्गाने चढतो, कळांनीही चढतो. ताप, नाडी, बाळाचे ठोके यांच्याबरोबरच तो वाचावा लागतो. 2024 पासून अटल सेतूने खाडीचे अंतर कमी केले. निघण्याची वेळ ठरवणे मात्र तितकेच अवघड आहे.