तर्री कुठं गेली?

श्रावण लागला की आमच्याकडे मटणाचं पातेलं माळ्यावर जायचं. सावजी मसाल्याचा डबा मात्र खालीच. त्याच मसाल्यात आजी पाटोडी रस्सा करायची.

नागपूरचं सावजी जेवण मुळात हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं. १८७७ साली इथे एम्प्रेस मिल सुरू झाली, गिरणीच्या कापडापुढे हातमाग मागे पडत गेले. रस्सा मात्र चुलीवरून पुढे खानावळींच्या पाट्यांवर चढला. सावजी म्हणजे मटण, असं लोक धरून चालतात. मला ते पटत नाही. सावजीपण आहे ते भाजलेल्या खसखशीत, सुक्या खोबऱ्यात, धन्यात, दगडफुलात. पूर्वी फोडणीही जवसाच्या तेलाची असे. (मिरचीचं कौतुक सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तीही पोर्तुगीजांच्या गलबतातून आलेली पाहुणी.)

पाटोडीचं बेसन लसूण-ओव्याच्या फोडणीत कढईची कड सोडेपर्यंत घोटायचं, तेलाचा हात लावलेल्या ताटात थापायचं. वड्या रश्शात सोडायच्या त्या पानं मांडल्यावरच, नाहीतर भिजून फुटतात.

बाबांना डॉक्टरांनी मटण आणि तेल दोन्ही कमी करायला सांगितलं, तेव्हा मी अर्ध्या वाटी तेलाचे दोन चमचे केले. पहिल्याच दिवशी मसाला करपला. आता चमचा-चमचा गरम पाणी शिंपडत परतते. बाबा वाटी तिरपी करून बघतात, "तर्री कुठं गेली वं?" विचारतात आणि दुसरी भाकर मागतात.