‘आपण आत्ता कुठे आहोत?’ : एका चाचणीची कुळकथा

वाराणसीचा राजा घाट मराठी हातांनी घडलेला. पेशवाईतून काशीला गेलेल्या अमृतराव पेशव्यांनी तो दगडात बांधून घेतला, म्हणून त्याला अमृतराव घाटही म्हणत. समजा, तिथल्या पायरीवर बसलेल्या आजींना डॉक्टरांनी विचारले, ‘आजी, आपण आत्ता कुठे आहोत?’ आणि त्या म्हणाल्या, ‘अमृतराव घाटावर.’ ज्याला फक्त पाटीवरचे नाव ठाऊक, तो परीक्षक इथे शून्य गुण देईल. आजींचे उत्तर तर बरोबर आहे. स्मृतिभ्रंशाच्या प्राथमिक चाचणीपुढचा जुना पेच हाच आहे: प्रश्न कोणाच्या जगातला विचारायचा?

ही चाचणी जन्मली १९७५ साली अमेरिकेत. मार्शल आणि सुझन फोलस्टीन व पॉल मॅकह्यू यांनी ३० गुणांची छोटी प्रश्नावली तयार केली. आजची तारीख, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, कागदावरची सूचना वाचून तसे करणे, एक वाक्य लिहिणे, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढणे. पाच-दहा मिनिटांत काम होई, म्हणून ती जगभर पसरली. पण ज्याने आयुष्यात पाटी-पेन्सिल धरली नाही, त्याचे गुण शाबूत स्मरणशक्ती असूनही कापले जात.

हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे हीच अडचण होती. त्यांनी पुढे तपासलेल्या ५५ वर्षांवरच्या ५१२६ लोकांपैकी ७३.३ टक्के निरक्षर होते. मग चाचणी नव्याने घडवली गेली, आणि १९९५ साली तिची हिंदी आवृत्ती प्रसिद्ध झाली. शंभरातून सातऐवजी वीसमधून तीन वजा करणे किंवा आठवड्याचे वार उलटे म्हणणे आले. ‘डोळे मिटा’ हे वाचायला देण्याऐवजी परीक्षक म्हणे, माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा. आणि स्वतः डोळे मिटे. वाक्य लिहिण्याच्या जागी ‘तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा’ हे आले. जोडीला घरच्यांसाठी वेगळे प्रश्न तयार झाले: आत्ताच जेवल्याचे विसरतात का? गावातच वाट चुकतात का? कागद-पेन्सिल न लागता माणसाचा रोजचा व्यवहार त्यातून तपासता येऊ लागला.

पण चाचणीत कमी गुण पडले म्हणजे निदान झाले असे नव्हे. स्मृतिभ्रंशाचे प्रकार वेगळे ओळखण्याची कुळी निराळी आणि जुनी आहे. अर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये, तर अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये आपापले रुग्ण जगापुढे मांडले. १९७५ मध्येच व्लादिमीर हाचिन्स्की यांनी रक्तवाहिन्यांच्या विकारातून येणारा स्मृतिभ्रंश ओळखण्यासाठी गुणपद्धती दिली. दुखणे अचानक सुरू झाले का, पायरी-पायरीने वाढले का, रक्तदाब किंवा पक्षाघाताचा इतिहास आहे का, हे ती विचारते. १९७६ पासून जपानचे केंजी कोसाका यांनी ल्युई बॉडी प्रकार उलगडला.

हे वेगळेपण घरातही दिसते. अल्झायमरमध्ये बहुधा आधी ताज्या गोष्टी निसटतात आणि घसरण संथ असते. ल्युई बॉडीत एक दिवस बरा, एक दिवस वाईट जातो. समोर नसलेली माणसे दिसतात, हालचाल मंदावते, आणि भ्रमावरची काही औषधे अशा रुग्णाला फार जड जातात. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात आधी स्वभाव पालटतो, त्यामुळे चाचणीत गुण चांगले पडूनही आजार असू शकतो. नैराश्य, थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता यांनीही विस्मरण होते, आणि त्यावर उपचार आहेत. दोन-चार दिवसांत अचानक आलेला गोंधळ हा तर बहुतेकदा जंतुसंसर्गाचा किंवा औषधाचा परिणाम असतो. तिथे थांबायला वेळच नसतो.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या देशव्यापी पाहणीतही बल्लभगडची चाचणी वापरली गेली.

म्हणून ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवू नका. आई-वडिलांना डॉक्टरांकडे नेताना चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर घ्या, चालू असलेली सगळी औषधे पिशवीत टाका, आणि आधी काय बदलले, कधीपासून, हळूहळू की एकदम, हे कागदावर लिहून न्या. प्रश्न त्यांच्या बोलीत आणि त्यांच्या ओळखीच्या गोष्टींवरून विचारले जावेत असा आग्रह धरा. निदानाची अर्धी वाट त्या कागदानेच सोपी होते.