ज्येष्ठता आणि गुणवत्ता : सर अलेक्झांडर डिक्सन यांची लष्करी कारकीर्द

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ब्रिटिश पायदळात व घोडदळात अधिकाऱ्यांचे हुद्दे पैसे भरून विकत घेता येत. ही प्रथा १८७१ पर्यंत टिकली. तोफखाना व इंजिनिअर दल ऑर्डनन्स बोर्डाच्या अखत्यारीत असल्याने तेथे अशी खरेदी नव्हती. वुलविचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत शिक्षण घ्यावे आणि त्यानंतर ज्येष्ठतेच्या क्रमाने बढतीची वाट पाहावी, असा तेथील नियम होता. श्रीमंतीला वाव न देणारी ही व्यवस्था गुणवत्तेला तरी वाव देत होती काय? सर अलेक्झांडर डिक्सन (१७७७–१८४०) यांच्या कारकिर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण

नौदलातील अ‍ॅडमिरलचे पुत्र असलेले डिक्सन १७९३ मध्ये वुलविचला दाखल झाले व १७९४ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाले. मिनोर्का (१७९८), माल्टा (१८००) व दक्षिण अमेरिकेतील मोहीम (१८०७) यांत त्यांनी अनुभव मिळविला. १८०५ मध्ये ते कॅप्टन झाले. मात्र पुढचा क्रम लागण्यास अनेक वर्षे लागणार हे उघड होते. १८०९ मध्ये पोर्तुगालला गेल्यावर ते बेरेसफर्ड यांच्या पोर्तुगीज सैन्यात रुजू झाले. तेथे त्यांना मायदेशापेक्षा वरचा हुद्दा मिळाला.

वेढ्यांचे शास्त्र

१८११ मध्ये बादाहोसच्या वेढ्यासाठी डिक्सन यांना एल्वाशच्या किल्ल्यातील पितळी तोफांवर अवलंबून राहावे लागले. त्यांतील काही सतराव्या शतकात ओतलेल्या होत्या. सततच्या माऱ्याने त्या निकामी होत गेल्या आणि वेढा फसला. त्यानंतर लोखंडी २४ पौंडी तोफांचा जड ताफा डूरो नदीतून लामेगोपर्यंत नावांनी व पुढे बैलांच्या साहाय्याने डोंगराळ मुलखातून नेण्याची जबाबदारी डिक्सन यांनी पार पाडली. १९ जानेवारी १८१२ रोजी स्यूदाद रॉद्रिगो व ६ एप्रिल रोजी बादाहोस पडले. त्याच वर्षी बुर्गोस येथे मात्र १८ पौंडी तोफा केवळ तीन होत्या. तो वेढा उठवावा लागला. तोफचीचे कौशल्य वाहतुकीवाचून व्यर्थ ठरते, हे या तीन घटनांवरून दिसते.

सेनापती वेलिंग्टन यांना हे नवे नव्हते. १८०३ मध्ये अहमदनगर व गाविलगड त्यांनी तोफांच्या बळावर घेतले होते आणि असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या तोफखान्याचा जबर तडाखा त्यांनी सोसला होता.

उसना अधिकार

वेलिंग्टन यांचे आपल्या तोफखानाप्रमुखांशी क्वचितच जमले. मे १८१३ मध्ये लेफ्टनंट कर्नल फिशर बाजूला झाल्यावर त्यांनी संपूर्ण तोफखाना डिक्सन यांच्या हाती सोपविला. त्या वेळी डिक्सन पस्तीस वर्षांचे होते आणि आपल्या रेजिमेंटमध्ये केवळ कॅप्टन होते. त्यांच्याहून ज्येष्ठ ब्रिटिश अधिकारी त्याच सैन्यात हजर असताना पोर्तुगीज हुद्द्याच्या आधारे ही नेमणूक शक्य झाली. ज्येष्ठांना अवमान वाटू नये म्हणून डिक्सन पोर्तुगीज गणवेशच वापरीत. २१ जून १८१३ रोजी व्हितोरियाच्या लढाईत फ्रेंचांच्या १५१ तोफा हस्तगत झाल्या. त्यानंतर सान सेबास्तियनचा वेढा व तुलूझची लढाई (१८१४) झाली.

युद्ध आटोपताच तो अधिकारही आटोपला. वॉटर्लूच्या वेळी (१८१५) ब्रिटिश तोफखान्याचे नेतृत्व सर जॉर्ज वुड यांच्याकडे होते. डिक्सन नावापुरते हॉर्स आर्टिलरीच्या ‘जी’ तुकडीचे कॅप्टन होते. प्रत्यक्ष रणांगणावर ती मर्सर यांनी चालविली. रेजिमेंटमधील लेफ्टनंट कर्नलचे पद त्यांना १८२५ मध्ये लाभले. पुढे ते तोफखान्याचे डेप्युटी अ‍ॅडज्युटंट जनरल व १८३७ मध्ये मेजर जनरल झाले.

निष्कर्ष

ज्येष्ठतेच्या नियमाने तोफखान्याला पैशाच्या प्रभावापासून वाचविले आणि शिक्षित अधिकारी दिले. डिक्सन हे त्याच व्यवस्थेचे अपत्य होत. परंतु त्यांची योग्यता ओळखली जाताच ती वापरण्यासाठी परक्या देशाचा हुद्दा उसना घ्यावा लागला. वशिल्याला आळा घालणारा नियम गुणवत्तेचीही वाट अडवू शकतो. नियम कायम ठेवून गुणवत्तेला वाट कशी द्यावी, याचे स्थायी उत्तर त्या व्यवस्थेजवळ नव्हते. वेलिंग्टन यांनी काढलेली पळवाट तेवढी होती. सेवाज्येष्ठतेची यादी बाळगणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या अभ्यासकाने हे उदाहरण ध्यानी घ्यावे असे वाटते.