आजोबांच्या काळातली रेडिओ तपासायची यंत्रं आजही कामाला येतात, पण बॅटरी काढण्याआधी हे वाचा

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. पर्यटक भुशी डॅमवर भिजून संध्याकाळच्या गाडीनं घरी जातात. गावात राहणाऱ्यांच्या घरी मात्र चपलांना बुरशी येते, मिठाची बरणी पाझरते आणि कपाटाची दारं फुगून बसतात. अशा घरात माळ्यावर एखादी जड पेटी असते. काळा डबा, काचेआड काटा, चामड्याचा पट्टा, बाजूला मोठं गोल बटण. मावळात वडगाव, तळेगाव, कामशेतच्या जुन्या घरांतही अशा पेट्या निघतात. घर आवरायला काढलं की त्या किलोच्या भावानं भंगारात जातात.

बऱ्याचदा ती पेटी म्हणजे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचं हत्यार असतं. मल्टिमीटर, सिग्नल जनरेटर किंवा ऑसिलोस्कोप. त्यातली पुष्कळशी यंत्रं आजही चालवता येतात. काहींना एक केबल लागते, काहींना मोफत मिळणारं सॉफ्टवेअर. काहींना नुसता एक बल्ब पुरतो.

ही यंत्रं आली कुठून?

व्हॉल्व्हच्या रेडिओचा जमाना होता तेव्हा मर्फीचे रेडिओ ठाण्यात बनायचे आणि फिलिप्सचा कारखाना पुण्याजवळ लोणी काळभोरला होता. रेडिओ महाग होता आणि त्यासाठी सरकारी परवाना काढावा लागायचा. बिघडला तर फेकायचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे तालुक्याच्या प्रत्येक गावी एखादा तरी रेडिओ मेकॅनिक असायचा. त्याच्या टेबलावर इंग्लंडचा एव्हो मीटर असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. एव्हो म्हणजे अँपिअर, व्होल्ट आणि ओहम या तीन शब्दांची आद्याक्षरं. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकेडी यांना तीन वेगवेगळी मीटर सोबत वागवायचा कंटाळा आला, त्यातून १९२३ मध्ये हा मीटर बाजारात आला. त्याचं सगळ्यात गाजलेलं 'मॉडेल ८' १९५१ पासून २००८ पर्यंत बनत होतं.

पुढे ट्रान्झिस्टर आले, टीव्ही आले, दुकानं बंद पडली. मेकॅनिकच्या टेबलावरचा माल पुण्याच्या जुन्या बाजारात नाहीतर मुंबईच्या चोरबाजारात पोचला. काही माल घरीच राहिला, कारण मुलांना तो विकवेना आणि वापरताही येईना.

नेमकं काय मरतं?

अशा यंत्रात दोन प्रकारचे भाग असतात. एक म्हणजे धातूचं, तांब्याचं, काचेचं काम: कॉइल, ट्रान्सफॉर्मर, गँग कंडेन्सर, पितळी गिअर. हे पन्नास वर्षं सहज टिकतात. दुसरे भाग म्हणजे बॅटरी, मेमरी, स्क्रीन, प्रिंटर, कागदी कंडेन्सर, रबराच्या वायरी. हे आधी जातात. सोय अशी की या दुसऱ्या यादीतल्या बहुतेक गोष्टींना आता स्वस्त पर्याय आहे आणि पहिल्या यादीतल्या तशाच्या तशा आज कुणी बनवत नाही.

पुणे जिल्ह्यात याचं एक भलंमोठं उदाहरण उभं आहे, मावळात नाही पण जुन्नर तालुक्यात. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात उभ्या राहिलेल्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. दोन दशकांनी ती अपुरी पडू लागली, तेव्हा शास्त्रज्ञांनी अवाढव्य तबकड्या पाडल्या नाहीत. तबकड्या त्याच ठेवून त्यांच्यावरचे रिसीव्हर बदलले आणि मागचं गणित ग्राफिक्स कार्डांच्या संगणकांवर नेलं. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा बघता यायचा, आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा बघता येतो. माळ्यावरच्या पेटीलाही हाच हिशेब लागू पडतो, फक्त खर्च काही शे रुपयांचा असतो.

काट्याचा मीटर अजून का ठेवायचा?

हातात डिजिटल मल्टिमीटर असताना काट्याचा कशाला, असं कुणीही विचारेल. त्याचं उत्तर जुन्या रेडिओच्या सर्व्हिस शीटमध्ये आहे. कुठल्या टोकाला किती व्होल्ट हवेत हे त्या कागदावर छापलेलं असतं, पण ते आकडे त्या काळच्या मीटरनं घेतलेले असतात. मीटर लावला की तो स्वतःही थोडा करंट खातो, म्हणून मोजमाप बदलतं.

समजा, एका जागी खरे २०० व्होल्ट आहेत आणि ते १ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून येतात. 'एका व्होल्टला १,००० ओहम' अशा साध्या जुन्या मीटरनं २५० व्होल्टच्या रेंजवर मोजलं, तर काटा १४३ च्या आसपास थांबेल. एव्होचं मॉडेल ८ एका व्होल्टला २०,००० ओहमचं, ते १९६ दाखवेल. आजचा डिजिटल मीटर १९८ दाखवेल. शीटवर १४३ छापलंय आणि समोर १९८ दिसतायत म्हटल्यावर नवखा माणूस चांगले भाग उपटून टाकतो. रेडिओ बिघडलेला नसतो, मीटर वेगळा असतो.

जुना मीटर नसेल तर डिजिटल मीटरच्या दोन टोकांमध्ये अडीच लाख ओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर लावला की २५० व्होल्टच्या रेंजवरच्या त्या जुन्या मीटरची नक्कल होते. काही रुपयांची ॲक्सेसरी.

मॉडेल ८ असेल तर अडचण बॅटरीची येते. त्यात दीड व्होल्टचा मोठा सेल लागतो, तो कुठेही मिळतो. सोबत १५ व्होल्टची एक छोटी बॅटरी लागते, ती सहज मिळत नाही. ३ व्होल्टचे पाच बटण-सेल एकापुढे एक लावले की १५ व्होल्ट होतात. ही बॅटरी फक्त मोठे ओहम मोजायला लागते. ती नाही म्हणून अख्खा मीटर भंगारात काढणारेही आहेत, आणि त्यांना थांबवायला हवं.

सिग्नल जनरेटरची परीक्षा आकाशवाणी घेते

सिग्नल जनरेटर म्हणजे टेबलावरचं छोटं, कह्यात ठेवलेलं रेडिओ केंद्र. रेडिओचे आयएफटी आणि ट्रिमर जुळवायला ते लागतं. बहुतेक व्हॉल्व्ह रेडिओंची आयएफ ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. तक्रार एकच असते: पन्नास वर्षांत डायल सरकलेली असते. काटा ४५५ वर आणि प्रत्यक्षात निघतायत ४७०.

याची तपासणी फुकटात होते. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आपल्याकडची मध्यम लहरींची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरांवर बसवली गेली, म्हणून पुण्याचा ७९२ आणि मुंबईचा ५५८ हे दोन्ही आकडे नवानं पूर्ण भागले जातात. केंद्रांची फ्रीक्वेन्सी अतिशय काटेकोर असते. जे केंद्र स्पष्ट ऐकू येतं ते रेडिओवर लावायचं. जनरेटरचं मॉड्युलेशन बंद करून त्याची वायर रेडिओजवळ नुसती ठेवायची, जोडायची नाही. मग जनरेटर हळूहळू त्या आकड्याकडे न्यायचा. शिट्टी ऐकू येते, ती जाड होत जाते आणि एका जागी विरून जाते. तिथे दोन्ही फ्रीक्वेन्सी एक झाल्या. डायल तेव्हा काय दाखवतेय ते कागदावर लिहून ठेवायचं.

७९२ च्या केंद्रावर रेडिओ ठेवून जनरेटर ३९६ ला नेला, तरी बारीक शिट्टी येते. जुन्या जनरेटरमधून दुप्पट फ्रीक्वेन्सीही गळत असते, त्याचा हा फायदा. लोणावळ्यात एक पथ्य पाळावं लागतं. रूळ जवळ असतील तर गाडी जाऊ द्यावी, कारण पेंटोग्राफची ठिणगी मध्यम लहरींवर खरखर करते आणि बारीक शिट्टी त्यात बुडते.

याहून बारीक काम हवं असेल तर आरटीएल-एसडीआर वापरतात. मूळचा हा संगणकावर टीव्ही बघायचा पेनड्राइव्हएवढा रिसीव्हर. २०१२ च्या सुमारास हौशी प्रोग्रामरांच्या लक्षात आलं की त्यातून कच्चा सिग्नल थेट संगणकात घेता येतो, आणि मोफत सॉफ्टवेअरची रांग लागली. जनरेटरची फ्रीक्वेन्सी पडद्यावर रेघेसारखी दिसते, शेजारी किती कचरा निघतोय तेही दिसतं. मध्यम लहरींसाठी 'डायरेक्ट सॅम्पलिंग'ची सोय असलेलाच घ्यावा. जनरेटरचं आउटपुट सरळ त्यात घालू नये, मध्ये अ‍ॅटेन्युएटर लावावा. जपानी हौशी तंत्रज्ञाच्या आराखड्यावरून आलेला नॅनोव्हीएनए ५० किलोहर्ट्झपासून पुढे काम करतो आणि आयएफटीचा उंचवटा चित्रासारखा दाखवतो. तो चालू व्हॉल्व्ह रेडिओला थेट लावला तर मात्र अडीचशे व्होल्ट खाऊन जागीच संपतो.

संगणकाशी बोलणारी जुनी यंत्रं

१९७० च्या दशकानंतरच्या मोठ्या यंत्रांच्या पाठीमागे चोवीस टोकांचं एक रुंद सॉकेट दिसतं. ते जीपीआयबी. हे एचपी कंपनीनं सुरू केलं आणि १९७५ मध्ये त्याचं आयईईई ४८८ हे मानक झालं. एका केबलवर पंधरापर्यंत यंत्रं बोलू शकतात. आजच्या लॅपटॉपला हे सॉकेट नसतं, म्हणून यूएसबी अडॅप्टर लागतो. तयार अडॅप्टर महाग पडतात. आर्डुइनोचा बोर्ड थोडा जमत असेल तर 'एआर४८८' या खुल्या प्रकल्पातून तो घरी बनवता येतो.

त्या काळी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवरचं चित्र कागदावर काढायला पेन फिरवणारा प्लॉटर जोडायचे. प्लॉटर आता गेले, पेनं सुकली. अमेरिकेतल्या जॉन माइल्स यांनी मोफत दिलेलं सॉफ्टवेअर यंत्राला भासवतं की समोर एचपी ७४७०ए प्लॉटरच आहे. यंत्र चित्र पाठवतं आणि ते लॅपटॉपवर उमटतं.

सॉफ्टवेअरनं सगळं सुटतं असं मात्र नाही. एचपीच्या ८६४०बी या नावाजलेल्या सिग्नल जनरेटरमध्ये आतले प्लॅस्टिकचे गिअर वयानं तडकतात. तिथे नवे गिअरच बसवावे लागतात.

आता ती बॅटरी

सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि तेही दुरुस्ती करताना. १९८० च्या दशकात यंत्रांच्या आतले जुळवणीचे स्क्रू गेले. यंत्र किती चुकतं आणि किती सुधारायचं, हे कॅलिब्रेशनचे आकडे एका मेमरीत राहू लागले. ती मेमरी ३ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर जिवंत असते. एचपीचा ३४७८ए मल्टिमीटर याचं ठळक उदाहरण. बॅटरी बोर्डाला सोल्डर केलेली असते. चाळीस वर्षांची बॅटरी कधीही बसेल म्हणून माणूस ती काढतो, नवी लावतो आणि मीटर 'कॅलिब्रेशन नाही' म्हणून ओरडतो. आकडे गेले. ते परत आणायचे तर अचूक व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स देणारी साधनं लागतात, आणि प्रयोगशाळेचं बिल मीटरच्या किमतीहून जास्त होऊ शकतं.

हे टाळायला अर्धा तास पुरतो. बॅटरीला हात लावण्याआधी जीपीआयबी अडॅप्टर जोडायचा आणि कॅलिब्रेशनची मेमरी वाचून फाईल साठवायची. त्यासाठी छोटे मोफत प्रोग्राम आहेत. फाईल दोन ठिकाणी ठेवायची. मग बॅटरी बदलताना दुसरा ३ व्होल्टचा सेल समांतर जोडून मेमरी जागी ठेवायची. तरीही आकडे उडाले तर फाईलमधून परत लिहिता येतात. त्या काळच्या इतर कंपन्यांच्या बऱ्याच यंत्रांतही हीच रचना आहे, तेव्हा झाकण उघडण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल वाचावं. जुनी मॅन्युअलं स्कॅन होऊन इंटरनेटवर मोफत मिळतात.

मावळातलं पहिलं काम: वाळवणं

माळ्यावरून काढलेली पेटी सरळ प्लगला लावणं ही सगळ्यात वाईट कल्पना. ओल धरलेला ट्रान्सफॉर्मर आणि गळके कागदी कंडेन्सर चालू होताच जळू शकतात. आधी पेटी आठवडाभर कोरड्या, उबदार जागी ठेवावी. पावसाळ्यात हे जमत नाही, दिवाळीनंतर जमतं. मग सिरीज बोर्ड वापरायचा: यंत्राच्या ओळीत ४० किंवा ६० वॅटचा जुना, तारेचा बल्ब. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे ते तीनशे व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात. काही जुन्या रेडिओंची तर चासीच थेट मेनला जोडलेली असते. तिथे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात घालू नये, आणि हे काम एकट्यानं तर करूच नये.

एकदा चालू झालेलं यंत्र पावसाळ्यात आठवड्यातून तासभर चालवलं की आतल्या उष्णतेनं ओल निघते. बंद कपाटात छोटा तारेचा बल्ब, कागद-कापडापासून दूर, आणि डब्यात सिलिका जेल. फिरत्या स्विचांना रॉकेल लावायची जुनी सवय सोडावी, कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा.

जनरेटरला अँटेना जोडून हवेत सिग्नल सोडणं परवान्याशिवाय बेकायदा आहे. हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन मिळतो. कारखान्याच्या कामासाठी मोजमापाचं प्रमाणपत्र लागत असेल तर घरची शिट्टी चालत नाही, एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळाच गाठावी लागते.

सुटे भाग हवे असतील तर लोणावळ्याहून लोकलनं पुणे. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ रेझिस्टर, कंडेन्सर, कनेक्टर सगळं मिळतं. बुधवारी किंवा रविवारी गेलात तर जुना बाजारही भरलेला असतो. तिथे मीटर घेताना तो हातात धरून हलवावा आणि काटा मोकळा फिरून शून्यावर परत येतो का ते बघावं. काटा अडकत असेल तर भाव कितीही कमी सांगितला तरी पुढच्या गाळ्याकडे वळावं.