मांजर, अंधार आणि रोल

घरात मांजराचा फोटो काढायला बसलेल्या माणसाचं दुखणं जुनंच आहे. ते कॉटखाली नाहीतर कपाटावर बसणार, आणि उजेडात आणून ठेवलं की उठून चालू लागणार. सुरुवातीच्या काळात कॅमेऱ्याला जितका वेळ लागे, तितका वेळ झोपलेलं जनावरच काय ते स्थिर राही. इंग्लंडमध्ये ब्रायटनच्या हॅरी पॉइंटरने १८७० नंतर मांजरांचे फोटो काढायचा धंदाच मांडला. आधी दूध पिणारी, टोपलीत निजलेली. मग तीनचाकीवर बसवलेली आणि खाली शुभेच्छांची ओळ छापलेली. पुढे पेनसिल्व्हेनियाच्या हॅरी व्हिटियर फ्रीजने पिल्लांना झबली-टोपडी चढवून पोस्टकार्डं केली. त्याचं शटर एक पंचमांश सेकंद उघडं राही. अंगात फ्रॉक घातलेलं मांजराचं पिल्लू तेवढा वेळ गप्प बसेल याचा काय भरवसा? त्याच्या बऱ्याच निगेटिव्ह फुकट जात यात नवल नाही.

यावर दोन तोडगे निघाले आणि दोन्ही आजवर टिकून आहेत. एक, उजेड आपणच घेऊन जायचा. दुसरा, आहे त्या उजेडात भागवायचं.

पहिल्याची सुरुवात मॅग्नेशियमच्या तारेने झाली. १८६५ साली पियाझी स्मिथने ती जाळून गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत फोटो काढले. तार जळायला वेळ लागे, म्हणून ती दगडाला चाले, मांजराला नाही. १८८७ मध्ये जर्मनीत आडोल्फ मीथे आणि योहानेस गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळलं. ही पूड क्षणात भडके, खोलीभर पांढरा धूर करी आणि अधूनमधून वापरणाऱ्याचे हातही भाजून काढी. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्या या उजेडात टिपणाऱ्या जेकब रीसने घराला दोनदा आग लावल्याचं स्वतःच नमूद केलंय.

ही पूड जनावरांवर वापरणारा खरा वस्ताद जॉर्ज शायरस. हा पेनसिल्व्हेनियाचा वकील, काही काळ अमेरिकी काँग्रेसचा सदस्य. मिशिगनच्या तळ्यावर रात्री होडीत बसून, पुढे दिवा लावून तो हरणाच्या जवळ सरके आणि पूड उडवी. काही ठिकाणी तार ताणून ठेवी. जनावराचा पाय अडकला की त्याचा फोटो तेच काढून घेई. १९०६ च्या जुलै महिन्यात ‘नॅशनल जिओग्राफिक’ने त्याचे ७४ फोटो एकाच अंकात छापले. फ्लॅश आणि जनावर यांची सोयरीक जमली ती इथे.

पुढची प्रगती भराभर झाली. १९२९ मध्ये जर्मनीतच योहानेस ओस्टरमायरने ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि प्राणवायू काचेच्या बल्बमध्ये कोंडला, आणि धूर गेला. पण एक बल्ब एकदाच चाले. १९३० च्या दशकात एमआयटीच्या हॅरल्ड एजर्टनने वायूभरल्या नळीतून विजेचा ठोका पाठवला आणि पुन्हापुन्हा चालणारा फ्लॅश आला. १९४८ साली फिलिप हाल्समनने न्यूयॉर्कमध्ये साल्वादोर दालीला उडी मारायला लावून तीन मांजरं आणि बादलीभर पाणी हवेत फेकलं, ते याच फ्लॅशच्या जिवावर. ते चित्र गाजलं खरं, पण मला त्यात मांजरांची दया येते. मनासारखा फोटो मिळेपर्यंत त्यांना पंचवीसहून अधिक वेळा भिरकावलं गेलं. त्यापेक्षा वॉल्टर चंडोहा बरा. १९४९ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या बर्फात सापडलेलं पिल्लू त्याने घरी आणलं, ते घरभर उधळायचं म्हणून त्याचं नाव ‘लोको’ ठेवलं, आणि मग जन्मभर मांजरंच टिपली.

चंडोहा दिवे कॅमेऱ्यापासून लांब आणि बाजूला लावी, त्यामागे पक्कं कारण आहे. मांजर आणि कुत्रा यांच्या डोळ्यांत पडद्यामागे उजेड परतवणारा एक थर असतो. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला तर उजेड डोळ्यांत जाऊन थेट भिंगाकडेच परततो आणि फोटोत हिरवे-पिवळे निखारे दिसतात. फ्लॅश छताकडे वळवला की ते जातात. पण ‘फट’ झाल्यावर मांजरही जातं. मला पटतो तो दुसरा तोडगा, आहे त्या उजेडात भागवण्याचा.

त्याची सुरुवात मात्र जनावरापासून झाली नाही. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कारखान्यात लुडविग बेर्टेले या तरुणाने विशीतच एर्नोस्टार नावाचं भिंग आखलं आणि १९२४ मध्ये ते घालून एर्मानॉक्स कॅमेरा आला. त्याचं छिद्र एफ/२, थोड्याच काळात एफ/१.८. एवढा उजेड आत घेणारा छोटा कॅमेरा तोवर कुणी पाहिला नव्हता. एरिश सॉलोमनने तो कोर्टात आणि मुत्सद्द्यांच्या मेजवान्यांत नेला आणि फ्लॅशशिवाय फोटो आणले. याच बेर्टेलेने पुढे झाइसला एफ/१.५ चं सोनार भिंग करून दिलं.

भिंगाने निम्मं काम केलं, उरलेलं रोलने. १९५४ मध्ये कोडॅकचा ट्राय-एक्स ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी आला, तेव्हा त्याचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, एएसए २०० लिहिलेला असे. १९६० मध्ये वेग मोजण्याचं मानक बदललं, त्यातली सुरक्षेसाठी ठेवलेली ढील काढून टाकली आणि रोल ४०० चा झाला. रसायन तेच होतं, खोक्यावरचा आकडा दुप्पट. वृत्तपत्रांचे फोटोग्राफर तर त्याच्याही पुढे होते. ते ४०० चा रोल १६०० समजून वापरत आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवत. याला पुश करणं म्हणतात.

आपल्या घरात याचा हिशेब मांडून पाहू. संध्याकाळी एका ट्यूबलाइटच्या खोलीत १०० च्या रोलवर, एफ/२ ला, साधारण एक अष्टमांश सेकंद लागतो. एवढ्यात मांजराची शेपटी दोनदा हलून होते. ४०० च्या रोलवर एक तीसांश, १६०० ला पुश केलं तर एक सव्वाशांश. आता चेहरा स्पष्ट येण्याची आशा धरावी. पण एफ/२ ला ५० मिलिमीटरच्या भिंगाने मीटरभरावरून काढलं तर जेमतेम पाच सेंटिमीटर खोलीच नीट दिसते. त्यामुळे डोळ्यावर नेम धरायचा, आणि समोर कुत्रा असेल तर त्याचं नाक धूसर होईल ते होऊ द्यायचं.

धुण्याचीही तऱ्हा आहे. इल्फर्डच्या एचपी ५ प्लस रोलला आयडी-११ या डेव्हलपरमध्ये ४०० ला साडेसात मिनिटं लागतात, १६०० ला १४. दोन्ही आकडे २० अंश तापमानाचे. मे महिन्यात पुण्यातल्या नळाचं पाणी कुठे आणि २० अंश कुठे! म्हणून टबात बर्फ टाकून डेव्हलपरची बाटली त्यात ठेवावी लागते.

१९८८ मध्ये कोडॅकने टी-मॅक्स पी३२०० काढला. त्यातला ‘पी’ पुशचाच. खोक्यावर ३२०० असलं तरी नेहमीच्या मोजमापाने तो ८०० ते १००० च्या आसपास बसतो, आणि इल्फर्डच्या डेल्टा ३२०० चीही तीच गत. २०१२ मध्ये पी३२०० बंद झाला, २०१८ मध्ये परत आला. म्हणजे कंपन्यांनी फोटोग्राफरांची जुनी क्लृप्तीच खोक्यावर छापून विकायला काढली.

पुश करून एक गोष्ट मात्र मिळत नाही. फिल्मवर उजेड पडलाच नसेल, तर जास्त वेळ धुऊन तिथे काही उगवत नाही. फक्त उजळ भाग आणखी उजळतो आणि दाणे वाढतात. घरात पांढरा कुत्रा असेल तर चालून जातं. काळं मांजर असेल, तर बर्फ, डेव्हलपर आणि पी३२०० सगळं बाजूला ठेवून खिडकीशी सतरंजी अंथरावी आणि वर माशाचं डोकं ठेवावं.